डोंगरापलीकडची कणीक

रविवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या जन्माची बातमी फुटली. तोपर्यंत मी मैद्याची पिशवी, मिठाचा डबा आणि पिझ्झाचं रिकामं खोकं असा तीन ठिकाणी सुखात पडून होतो.

दहा वर्षांची हॅडली स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, उद्या इतिहासाचा नकाशा न्यायचाय."

"उद्या? बाईंनी सांगितलं कधी?"

"तीन आठवडे झाले. कागद दप्तरात आहे."

तिच्या आईने, क्रिस्टलने, कपाळावर हात मारून घेतला. तर मी तोच नकाशा बोलतोय. अमेरिकेच्या पहिल्या तेरा वसाहतींचा, मिठाच्या कणकेचा, पाचवीच्या वर्गातला. ओहायोतल्या या गावात मला दरवर्षी आया मळतात आणि मुलं नुसती उचलून नेतात. गुण मात्र मुलांच्या नावावर! वैताग येईल नाही तर काय?

कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या नॉर्माआजीला तर मजाच वाटत होती. "क्रिस्टल, तूसुद्धा मला आदल्या दिवशीच सांगितलं होतंस. पोर कुणावर गेली ते विचारायला नको."

"आई, गप्प बस आणि मीठ दे."

क्रिस्टल मोठी काळजीवाली बाई. कणीक सैल झाली तरी काळजी, घट्ट झाली तरी काळजी. मला खोक्यावर थापून तिने वसाहती मोजल्या, तर चौदा भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा चौदा! तिला घामच फुटला.

"अगं आई, मेन राज्य तेव्हा वेगळं नव्हतंच. मॅसॅच्युसेट्सचाच तुकडा होता तो," हॅडली म्हणाली. पोरीला सगळं येत होतं हो. पण तिच्या हातात कणीक देतंय कोण? वसाहतींतला ऱ्होड आयलंड एवढासा, हरभऱ्याएवढा. त्यात टूथपिकचं निशाण खोचलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. ते दुखणं मीच जाणे.

शेवटी थोडी कणीक उरली. आई रंग शोधायला गेली तेवढ्यात हॅडलीने ती वसाहतींच्या पश्चिम कडेच्या डोंगरांपलीकडे, नुसत्या पुठ्ठ्यावर थापली. बोटाने एक लांब नदी ओढली आणि काठाला छोटे छोटे उंचवटे बसवले. मला इतकं मोकळं वाटलं! नाहीतर डोंगर संपले की जग संपलं, असाच मला दरवर्षी कापतात.

"हे काय गं?" क्रिस्टल परत आली.

"आपली सायोटो नदी. आणि ही इथल्या मूळच्या शॉनी लोकांची गावं. ते तेव्हा इथेच..."

"कागदावर तेरा लिहिलंय ना? मग तेराच. उगाच जास्तीचं करशील आणि मार्क घालवशील."

"पण मग नकाशात आपण कुठे आहोत?"

"आपण स्वयंपाकघरात आहोत आणि अजून रंग द्यायचाय!"

आणि तिने सुरी घेतली. नदी, गावं, सगळं खरवडून कचऱ्यात. मी आतल्या आत ओरडत होतो, अगं बाई, तिचं बोलणं तरी पुरं होऊ दे! पण कणकेचं कोण ऐकतं? मग केस वाळवायचा ड्रायर लावून तिने मला कडक वाळवलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात पालकांनाही बोलावलं होतं. प्रुइटबाई म्हणाल्या, "प्रत्येकाने आपल्या नकाशात स्वतः काय केलं, ते दाखवायचं." हॅडली उभी राहिली. मग रिकाम्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथे मी आपली नदी केली होती. काठाला माणसांची गावं होती. ती आईने सुरीने काढून टाकली."

वर्ग खो खो हसला. मागे उभी असलेली क्रिस्टल कानापर्यंत लाल झाली. प्रुइटबाईंनी वसाहती मोजल्या, तेरा भरल्या, आणि पैकीच्या पैकी गुण दिले.

गाडीत मी हॅडलीच्या मांडीवर होतो. क्रिस्टल म्हणाली, "मिळाले ना पूर्ण मार्क?"

"तुला मिळाले."

घरी आल्यावर क्रिस्टलने पर्ससुद्धा न ठेवता मैद्याची पिशवी काढली. मीठ घातलं, पाणी घातलं आणि परात हॅडलीपुढे सरकवली. "मला नाही येत ते. कुठून निघते तुझी नदी?"

हॅडलीने बाह्या वर केल्या. "मध्ये बोलायचं नाही हं."

"नाही बोलत."

आणि खरंच नाही बोलली. ओठ दाबून बसली होती बिचारी.

आता मी फ्रिजवर असतो. नदी आहे, गावं आहेत, पण वाळलेल्या कणकेला ओली कणीक धरत नाही. फ्रिजचं दार आपटलं की डोंगरापलीकडचा सगळा मुलूख खाली येतो. क्रिस्टल तो वेचते, डिंक लावते, पुन्हा बसवते. पुन्हा पडतो. किती सहन करायचं एका नकाशाने?

तुमच्या ओळखीत एखाद्या पाचवीतल्या पोराची आई असेल, तर तिला माझा एवढा निरोप द्या. "हे काय गं?" असं विचारलंस, तर उत्तर संपेपर्यंत थांब. कणीक ओली आहे तोवरच थांब, बाई. आणि हा निरोप पुढच्या आईलाही दे, असं तिला सांगा.