दिवाणखान्यातली होडी

तुरीडने होडीच्या आत बोट लावून पाहिलं. चिकटलं. पँटला पुसलं, तर पँटचीही वाट लागली.

"उद्या वाळेल," ओड्वार म्हणाला.

हे 'उद्या' ईस्टरपासून चालू होतं. रविवारी लेकीचं, मारेनचं दृढीकरण, म्हणजे वयात येताना चर्चमध्ये श्रद्धेची ग्वाही द्यायचा विधी. चर्चमधलं उरकलं की सगळं गणगोत घरी जेवायला येणार, आणि पंगत बसायची त्या दिवाणखान्यातच चार मीटरची होडी ऐसपैस पसरलेली. किनाऱ्यावर होडीसाठीची स्वतःची शेड रिकामी पडली होती, पण तिथल्या थंडीत फळ्या जोडायची राळ वाळत नाही, म्हणून नवरोबांनी जानेवारीत खोक्यातून आलेल्या फळ्या दिवाणखान्यात मांडल्या. होडी मारेनला भेट द्यायची, त्यामुळे तुरीडला धड भांडताही येईना. आता मे उजाडला तरी शेगडी धडधडत होती. ओली होडी उचलावी तर सांधे सरकणार.

"मिसळतोस तरी कसं? माझ्यासमोर करून दाखव."

ओड्वारने राळेचा पंप दोनदा दाबला, ती घट्ट करणाऱ्या हार्डनरचा एकदा. "दोनास एक. डब्यावर लिहिलंय."

मारेन जिन्यावर बसून पाव खात होती. बसायला दुसरी जागाच उरली नव्हती. "बाबा, ते माप पंपातच धरलंय. राळेचा पंप मोठा आहे, बघ ना. दोन्ही एकेकदाच दाबायचे."

ओड्वारने दोन्ही पंप शेजारी धरून पाहिले.

"म्हणजे उद्या वाळणार नाही," तुरीड म्हणाली.

"कधीच नाही," मारेन म्हणाली. "सगळं खरवडावं लागेल."

तुरीडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने अख्खा हिवाळा घर वेठीला धरलं, आणि त्याला साधा पंप दाबता येत नव्हता.

रविवारचं जेवण शेडमध्ये झालं. लोकरीच्या ठेवणीतल्या पोशाखावर आणखी घोंगड्या घेऊन मंडळी कुडकुडत होती. मासा ताटात पडेपर्यंत गार.

"होडी कुठाय गं?" मारेनच्या बोर्गहिल्ड आत्याने तुरीडला विचारलं.

"घरात."

"आणि आपण इथे?"

 उद्या सकाळी खिडकीची चौकट काढायची आणि ते धूड पावसात फेकायचं, हे तुरीडने तिथेच ठरवून टाकलं.

मग रिवाजाप्रमाणे बाप बोलायला उभा राहिला. "भेट तयार नाही," ओड्वार मारेनला म्हणाला. "चूक माझीच. पुढच्या वर्षी तू शिकायला शहरात जाशील. त्याआधी एक उन्हाळा दोघांनी वल्हवावं, एवढंच मनात होतं." आणि तो बसला.

"उन्हाळा अजून आलाय कुठे?" मारेन म्हणाली. "खरवडू मिळून. राळ मात्र मी मिसळणार."

सगळे तुरीडकडे बघायला लागले. खिडकीचं अगदी जिभेवर आलं होतं. तिला रडूही येत होतं आणि नवऱ्याला बदडावंसंही वाटत होतं.

"इथे शेडमध्ये आणू नका," ती वैतागून म्हणाली. "थंडीत वाळणार नाही."