जावेच्या मागावर

कमरेच्या मणक्यातल्या गादीचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला, तरी निफाडच्या भिमाबाईंना दुखण्यापेक्षा धाकट्या जावेचाच त्रास जास्त होता. द्राक्षतोडणी सुरू झाली होती आणि दरवर्षी त्या बघायच्या तो बागेतला सगळा कारभार यंदा ही जाऊ, अंजली, बघत होती. "अंजलीवहिनी, क्रेट कुठं ठिवू?" अशी मजुरांची हाक आली, की ओसरीतल्या खाटेवर भिमाबाईंच्या अंगाची लाही व्हायची.

एका सकाळी त्यांना राहवलं नाही. तरातरा बागेत जाऊन त्यांनी वाकून भरलेलं क्रेट उचललं. कळ थेट पायात उतरली. अंजलीनंच त्यांना धरून घरी आणलं, त्याचाही त्यांना रागच आला.

डॉक्टरांनी तपासलं. थोडक्यात निभावलं होतं. व्यायाम शिकवणारी निकिता म्हणाली, "मावशी, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. पण नुसतं पडूनही राहायचं नाही. रोज सपाट वाटेनं चाला, हळूहळू वाढवा."

"बागेत चालले तर?"

"चालेल की."

भिमाबाईंचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवसापासून त्या कुशीवर वळून, हाताच्या आधारानं उठू लागल्या आणि अंजली कुठं चुकते ते बघायला बागेत फेऱ्या मारू लागल्या. तोडणी संपेपर्यंत पायातली कळ गेली.

"ताई, लय झ्याक चालता आता," अंजली म्हणाली.

"चालीचं राहू दे. घडाचं देठ लय आखूड ठिवतेस तू," म्हणत भिमाबाई पुढच्या ओळीकडे वळल्या.