विलायती पालीची कात

त्र्याऐंशी सालचा एप्रिल होता. माझा धाकटा भाऊ भावकू भर दुपारी बेळगावहून बसने निपाणीला आला, तो बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा छातीशी धरून. डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेली. मी दारात बिड्या वळत बसले होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू.

"आक्का, आधी दार लाव," तो म्हणाला.

"काय चोरून आणलास रं?"

"चोरून न्हाय. बाईसाहेबांची पाल हाय."

भावकू कॅम्पात एका मेजरसाहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होता. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत त्याचा संसार. साहेब सहा महिने विलायतेला शिकायला गेले होते, बाईसाहेबही सोबत गेल्या होत्या, आणि तिथून त्यांनी हौसेने ही पाल आणली होती. आता दोघं महिनाभर दिल्लीला गेले होते आणि पाल भावकूच्या हवाली होती. तिला काही झालं तर तू आणि तुझ्या खोल्या दोन्ही गेल्या समज, असं बाईसाहेब जाताना हसत म्हणाल्या होत्या. त्या हसण्यानेच भावकूची झोप उडाली होती.

त्याने झाकण उघडलं. वीतभर लांब पाल, पिवळी, अंगभर काळे ठिपके, शेपटी गाजरासारखी जाड. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात. ही मात्र डोळे मिचकावून माझ्याकडे बघत होती. पण तिच्या अंगावर भिंतीचा चुना सुटावा तसे पांढरे पोपडे आले होते. कात टाकायला घेतली होती आणि ती अर्ध्यावरच अडकली होती. बोटांवर तर कातीची कडी आवळून बसली होती, आणि एका बोटाचं टोक काळं पडलं होतं.

"बाईसाहेब म्हणल्या हुत्या, उबेत ठेव. मी दिवसरात्र बल्ब लावून ठेवला," भावकू म्हणाला. "जनावरांच्या डॉक्टरकडं बी गेलतो. त्यो म्हणाला, म्हस असंल तर घेऊन ये."

"आणि मी काय पालीची डॉक्टर व्हय?"

"तुझी नखं लई बारीक चालत्यात आक्का. बिडीचं तोंड मिटवतीस तसं हळूच सोलून काढ."

कौतुक केलं की माणूस फसतं. मी पाल हातात घेतली आणि बोटावरचं एक कडं नखाने सोडवलं. दुसऱ्याला हात घालते तोवर पालीने मान टाकली, पाय सैल सोडले, तोंड उघडं पडलं. भावकूने डोक्यावरची टोपी काढली.

"गेल्या खोल्या," तो म्हणाला.

शेजारची कोंडाबाई आमचं बोलणं ऐकून मागच्या दाराने आत आली. तिने एकदा पालीकडे पाहिलं, एकदा माझ्या हातांकडे.

"अगं, तंबाखूच्या हातानं धरलीस व्हय तिला? नवी बाई पयल्या दिवशी सुपावर बसली की भोवळ येऊन पडती. ही तर एवढीशी."

तीस वर्षं बिड्या वळून तंबाखू माझ्या कातडीत मुरला होता. माझी भाकरीसुद्धा त्याच वासाची. मला तो वास येतच नव्हता. हात कितीही धुतले तरी उपयोग नव्हता. गल्लीत तंबाखूला न शिवणारे हात एकट्या कोंडाबाईचे, कारण दम्यामुळे तिने तीन वर्षांपूर्वी बिड्या सोडल्या होत्या.

"मावशी, तुम्हीच धरा, मला तिला हात लावाय भ्या वाटतंय," भावकू हात जोडून म्हणाला.

"पाल शिवली की मला डोक्यावरनं न्हावं लागतंय."

"पाणी मी तापवतो."

"आणि परत शिवावं लागलं तर?"

"परत तापवतो."

कोंडाबाईने पाल परातीत धरून तीनदा पाण्याने धुतली. अर्ध्या तासाने पालीने एक डोळा मिचकावला, मग दुसरा. पण कात होती तशीच चिकटलेली. मी म्हटलं, आता मावशीनेच नखाने काढावी.

"बिडीसाठी सुकं तेंदूचं पान कापाय घेतलंस तर काय हुतंय?" कोंडाबाईने विचारलं.

"फाटतंय."

"मग त्येला काय करतीस?"

पानं भिजवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, मऊ पडली की कात्री लावायची. हे मी रोज करत होते, पण दिवसरात्र बल्बाखाली पालीची कातही तशीच सुकली असेल हे सुचलं नव्हतं. माझ्या गोणपाटाला तंबाखूचा वास, म्हणून कोंडाबाईने आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून भिजवला आणि डब्यात चुंबळीसारखा ठेवला. पाल आपणहून त्यात शिरली. भावकूला मी मुक्काम करायला लावलं.

सकाळी तो ओरडतच बाहेर आला.

"आक्का, ती स्वतःचं कातडं खातीया."

"तिचं हाय, तिनं खाल्लं. तुझं काय गेलं?" कोंडाबाई म्हणाली.

अंगावरची सगळी कात निघाली होती. खालचा पिवळा रंग हळदीसारखा उजळ दिसत होता. बोटांवरची कडी तेवढी उरली होती. तीही मऊ पडली होती, कोंडाबाईने एकेक फिरवून काढली. पण काळं पडलेलं टोक कड्याबरोबर गळून तिच्या तळहातावर आलं.

"टोक तेवढं गेलं. बाईसाहेब काय बोटं तपासणार न्हायत," भावकू म्हणाला.

"तपासतील," मी म्हटलं. "विलायतेहून आणलेली वस्तू हाय. त्यांनी विचारायच्या आधी तू सांग."

"तुझं काय जातंय सांगायला? खोल्या माझ्या जाणार."

रुसून, डबा घेऊन, चहा न पिता तो गेला.

पंधरा दिवसांनी परत आला तेव्हा कोंडाबाई माझ्याकडेच बसली होती. तो दारातूनच बोलायला लागला.

"सामान उतरायच्या आधीच सांगून टाकलं. बल्बचं, तंबाखूचं, ओल्या लुगड्याचं, बोटाचं, समदं. बाईसाहेबांनी पाल हातात घेतली आणि किती येळ ते बोट बघत बसल्या. मग म्हणल्या, तिकडून दोन आणल्या हुत्या, एक वाटंतच गेली, तिची बी कात अशीच अडकलेली. का मेली ते आज कळलं म्हणल्या."

"आणि खोल्या?" कोंडाबाईने विचारलं.

"हायत की. बायको कालच भिंतींना चुना लावून मोकळी झाली."