सहा वाजून दहा मिनिटे

मी एक जुना फळा आहे. सागवानी लाकडाचा, डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत भेग गेलेला. कराडकडून आत वळलं की कृष्णाकाठी आंबेमळा नावाचं गाव लागतं. तिथल्या वाचनालयाच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेत आता पांढरे, गुळगुळीत फळे आले असतील. त्यांच्यावरचं एका फटक्यात पुसलं जातं. माझ्यावरचा एक शब्द आणि एक आकडा मात्र पुसता पुसला गेला नाही. त्याचीच ही गोष्ट आहे.

माझा जन्म कोयनानगरच्या धरण वसाहतीतला. तिथल्या शाळेत माझ्यावर पाढे लिहिले जात. मोठा भूकंप झाला तेव्हा शाळेची भिंत पडली. मी वाचलो, पण ही भेग तेव्हाची. पुढे कितीतरी वर्षं मी मोडक्या बाकांखाली धूळ खात पडलो होतो. शाळेने अडगळ विकायला काढली तेव्हा मला आंबेमळ्याच्या नाथाजींनी उचललं आणि एसटीच्या टपावर बांधून गावात आणलं.

नाथाजींना सगळं गाव तात्या म्हणतं. ते सैन्यात सिग्नलमध्ये हवालदार होते. निरोप घ्यायचा आणि निरोप पोचवायचा, यातच त्यांची सारी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर गावात त्यांना करमेना. मग रोज सकाळी ते मला ओल्या फडक्याने पुसत आणि गावच्या बातम्या लिहीत. कालव्याला पाणी कधी येणार, लसीकरण कुठे आहे, कोणाचा मुलगा भरती झाला. खाली उजव्या कोपऱ्यात लिहिल्याची वेळ टाकत. "वेळ नसलेला निरोप म्हंजे अर्धाच निरोप," असं ते म्हणत. त्या कोपऱ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे, पण तात्यांनी वेळ टाकली नाही असा एक दिवस मला आठवत नाही.

मरणाच्या बातमीचा त्यांचा नियम वेगळा होता. तो नियम कोंडीबामुळे झाला. कोंडीबा कोल्हापूरच्या दवाखान्यात वारला, अशी कोणीतरी आवई उठवली आणि तात्यांनी ती लिहूनही टाकली. तिसऱ्या दिवशी खुद्द कोंडीबा काठी टेकत माझ्यासमोर उभा! त्याने स्वतःच्या निधनाची बातमी सावकाश वाचली आणि म्हणाला, "आवं तात्या, मला तरी इचारायचं की!" गाव पोट धरून हसलं. तात्या मात्र हसले नाहीत. त्या दिवसापासून ठरलं, की मरणाची बातमी सांगायला घरातलं माणूस यावं, निदान घराने धाडलेलं. त्याने समोर उभं राहून म्हणावं, "आमच्या घरातनं आलोय, लिवा." मगच खडू उचलायचा. आणि त्या बातमीसाठी तात्या खडू साखरेच्या पाण्यात भिजवून घेत, म्हणजे रक्षाविसर्जनापर्यंत अक्षर टिकतं. तेव्हापासून फळ्यावर आलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं गाव मानू लागलं. मला त्याचा फार अभिमान होता.

माझे सगळ्यात सुखाचे दिवस कबड्डीचे. आंबेमळ्याच्या क्लबातले शंभूराज आणि ऋषिराज राज्याच्या संघात गेले, मग टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धेत गेले. शंभूची चढाई आणि ऋषीची पकड यांच्या बातम्या लिहिताना तात्या रंगीत खडू वापरत. क्लबचा अध्यक्ष मानसिंग हा तात्यांचा सख्खा पुतण्या. तात्यांना मूलबाळ नाही, त्यांच्या भाकरीची सोय त्याच्याच घरी. तो फळ्यासमोर मुलांना उभं करून फोटो काढी. त्या फोटोंत मी पाठीमागे असे, आणि खरं सांगतो, मी छाती काढून उभा असे.

मग ती हिवाळ्यातली सकाळ आली. आदल्या रात्री आमच्या संघाने सांगलीत अंतिम सामना जिंकला होता. अजून नीट उजाडलं नव्हतं. तात्या मला पुसत होते, तेवढ्यात मानसिंग आला. त्याला धाप लागली होती.

"तात्या, बनुबाईचा सूरज गेला. कालव्याच्या रस्त्याला पिकअप पलटी झाली. अपघात. लिवून टाका."

तात्यांचा हात थांबला. "घरातलं कोन आलं न्हाई?"

"घरातली कुटं येत्यात आता? मी सांगतोय न्हवं? परका हाय व्हय मी?"

तात्या क्षणभर घुटमळले. पण आपलाच पुतण्या, आपल्याच अंगाखांद्यावर वाढलेला. त्यांनी खडू साखरेच्या पाण्यात बुडवला आणि लिहिलं, "कु. सूरज यांचे अपघाती निधन." खाली सवयीने वेळ टाकली. स. ६.१०.

सूरज सव्वीस वर्षांचा होता. आईबरोबर राहायचा, स्वतःची पिकअप चालवून भाजी साताऱ्याच्या बाजारात न्यायचा. माझ्यासमोरून जाताना हॉर्न वाजवून तात्यांना दचकवायची त्याची खोड होती. तो हॉर्न मला अजून ऐकू येतो.

अकराव्या दिवशी पोलिसांनी शंभू आणि ऋषीला धरलं. सांगलीहून परतताना कालव्याच्या अरुंद रस्त्यावर पिकअपने वाट दिली नाही म्हणून त्यांनी सूरजला मारलं आणि मग गाडी चरात ढकलली, असा आरोप होता. ती मुलं म्हणत होती, आम्ही त्या रस्त्याने आलोच नाही. खटला साताऱ्याच्या कोर्टात उभा राहिला आणि सगळीकडे एकच गलका उठला. टीव्हीवर चार चार माणसं चौकटीत बसून ओरडू लागली. कोणी म्हणे, देशाचं नाव काढणाऱ्या पोरांचं आयुष्य मातीत घालू नका. कोणी म्हणे, मोठे खेळाडू आहेत म्हणून सोडू नका, आजच फासावर द्या. उचलली जीभ लावली टाळ्याला. कराडात एक मोर्चा या बाजूने निघाला, दुसरा त्या बाजूने. एका बाजूच्या तोंडी शंभू-ऋषी आणि दुसऱ्या बाजूच्याही तोंडी शंभू-ऋषीच. सूरजचं नाव त्या सगळ्यांत मी फार थोड्या वेळा ऐकलं.

आणि या गलक्यात मीही ओढला गेलो. त्या सकाळी कोणीतरी माझा फोटो काढला होता. तो गावोगावच्या मोबाइलवर फिरू लागला. 'बघा, खुद्द सूरजच्या गावानेच अपघात म्हटलंय!' फोटोत तेवढीच एक ओळ ठेवली होती, खालचा कोपरा कापून टाकला होता. बातमीवाले आले, त्यांनी माझ्यावर दिवे सोडले. एके काळी फोटोसाठी छाती काढणारा मी, त्या दिवशी मला भिंतीत शिरावंसं वाटलं.

तुम्ही म्हणाल, बातमी तर कधीच पुसली असेल. पुसली होती, रक्षाविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी. बाकीची अक्षरं गेली. पण रोज ओलं फडकं फिरवलं की आधी मी काळाभोर होई, आणि वाळता वाळता दोनच खुणा हळूहळू वर येत. मधोमध 'अपघाती' आणि कोपऱ्यात '६.१०'. मी त्या दाबून धरायचा प्रयत्न करी. लाकडाच्या हातात काय असतं? त्या येतच.

एकदा तात्या पायरीवर बसून पेपर वाचत होते. सूरज सापडला ती वेळ त्यात छापली होती. सकाळी सात वाजता दुधाच्या टँकरवाल्याने त्याला पहिल्यांदा पाहिलं. तात्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग मान वर करून माझ्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. सातच्या आधी कोणालाच माहीत नव्हतं, तर सहाला मानसिंगला कसं माहीत होतं?

त्याच दिवशी तात्यांनी कोळसा कुटला, पाल्याचा रस काढला आणि मला जाड काळं लावलं. चार दिवस बरं गेलं. पाचव्या सकाळी खुणा परत आल्या. त्यांनी पुन्हा काळं लावलं, त्या पुन्हा आल्या. तात्यांचं जेवण तुटलं. ते ना कोणाला काही सांगत, ना मानसिंगला काही विचारत. दीड वर्ष आम्ही दोघांनी असंच काढलं. मी गप्प होतो कारण मी फळा आहे. ते गप्प होते कारण तो पुतण्या होता.

बनुबाई मात्र येत राहिली. दूध घालून परतताना ती माझ्यासमोर थांबे आणि रोज एकच प्रश्न विचारी. "तात्या, त्या दिशी आमच्या घरातनं कोन आलं हुतं सांगायला?" तात्या खाली बघत. ती थोडा वेळ वाट बघून निघून जाई. ती शिव्या देत नसे, रडत नसे. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

एके दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर आली. तात्यांनी नुकतंच फडकं फिरवलं होतं आणि मी वाळत होतो. बनुबाईला अक्षरं फारशी येत नाहीत, पण डेअरीच्या काट्यावरचे आकडे ती झरझर वाचते. तिने कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"तात्या, ह्ये सहा-धा काय हाय?"

तात्या फडकं पिळत राहिले.

"तुमी येळ टाकता न्हवं हितं?" ती हळू आवाजात म्हणाली. "टँकरवाल्यानं सातला बघितला माझ्या लेकराला. मला साडेसातला कळलं. सहाला कुनी सांगितलं वो तुमाला?"

बनुबाई चरवी उचलून गेली. तिच्या बोटाचा ओला ठसा माझ्या कोपऱ्यावर बराच वेळ राहिला.

ही गोष्ट कोणीतरी पाहिली असावी. दुसऱ्याच दिवशी मानसिंग दोन माणसं आणि एक शिडी घेऊन आला. "तात्या, लय जुना झाला फळा. क्लबातर्फे लायटीचा बोर्ड लावू. ह्यो काढून जाळून टाकू."

मी घाबरलो, मित्रांनो. मरणाला नव्हे. माझ्याबरोबर ते सहा-दहा जळून जाईल याला घाबरलो.

तात्या उठले आणि मला पाठ लावून उभे राहिले. त्यांच्या पाठीचं थरथरणं मला लाकडातून कळत होतं. "मानसिंग, त्या दिशी तुला कुनी सांगितलं हुतं रं?"

मानसिंगने शिडी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "तात्या, आपलेच दात आन् आपलेच ओठ. सोडा की आता. ती दोन पोरं गावाचं नाव हाईत."

"सूरज कुनाचा हुता मग?" तात्या म्हणाले.

मानसिंग शिडी तिथेच टाकून गेला. तात्यांनी धोतर झटकलं, फाटकाला कडी घातली आणि साताऱ्याची एसटी पकडली.

चार दिवसांनी पोलीस आले. त्यांनी तात्यांकडून मला पुसून घेतलं, मी वाळेपर्यंत थांबले आणि माझे फोटो काढले, या खेपेला कोपऱ्यासकट. पुढे कोर्टात तात्या पिंजऱ्यात उभे राहिले. तिथे काय झालं ते त्यांनीच मला पुसता पुसता सांगितलं. समोरच्या वकिलाने विचारलं, सहा वाजून दहा मिनिटांना पुरावा काय? तात्या म्हणाले, "फळा हाय. आन् मी हाय." घरच्या माणसाशिवाय लिहिलं ही आपली चूक, हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

मग गलका तात्यांवर घसरला. म्हातारा विकला गेला, पुतण्यावर सूड उगवतोय, म्हातारचळ लागलाय, काय वाटेल ते. मानसिंगच्या घरची भाकरी बंद झाली. पोलिसांनी मानसिंगला बोलावून विचारपूस केली, पण खटला अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही, आणि जे मला माहीत नाही ते मी आता सांगणार नाही. मला तेवढी अद्दल घडली आहे.

मागच्या सोमवारी बनुबाई आली. दुधाची चरवी तिने खाली ठेवली, पदर सावरला आणि तात्यांच्या समोर उभी राहिली. त्या दिवशी तिने नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"तात्या, आमच्या घरातनं आलेय. लिवा."

तात्यांचे डोळे भरून आले. त्यांनी वाटीत साखर विरघळवली, पण पाणी वाटीबाहेर सांडू लागलं. मग ती वाटी बनुबाईनेच धरली. "काय लिवू?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आता ती दोन वर्षांचा राग ओतेल. पण ती एवढंच म्हणाली.

"लिवा. बनुबाईचा सूरज गेला. कसा गेला, त्ये कोरटात चाललंय."

तात्यांनी तसंच लिहिलं, एक अक्षर जास्त नाही की कमी नाही. 'अपघाती' हा शब्द मधोमध होता, बरोबर त्याच्यावरून ती ओळ गेली. खाली त्यांनी वेळ टाकली. स. ७.२०.

मित्रांनो, माझं वय झालं आहे. भेग रुंदावते आहे आणि केव्हातरी लायटीचा बोर्ड येणारच. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण तुमच्या प्रत्येकाच्या खिशात आज एक एक फळा आहे, आणि त्यावर येणाऱ्या बातम्यांना कोपराच नसतो. कोणाच्या मरणाची, कोणाच्या गुन्ह्याची गोष्ट तुमच्या हाती आली, तर ती पुढे लिहिण्याआधी थोडं थांबा आणि विचारा, घरातलं कोण आलं होतं? मी नाही विचारलं. म्हणून रोज सकाळी, अंग वाळलं की, मला अजून सहा वाजून दहा मिनिटंच होतात.