पाठमोरा उतार

जेवता जेवता दादाने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पळ तू खुशाल. उचलून आणायला मी आहेच."

खरंच तोच होता. डोंगरातल्या मॅरेथॉनमध्ये सगळ्यांच्या मागून, ठरलेल्या संथ वेगाने एक बस येते. बसने गाठलं की धावणाऱ्याने निमूट आत बसायचं, असा नियम. यंदा ती बस माझा सख्खा भाऊ चालवणार होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. काय वाट्टेल ते होवो, त्या बसची पायरी चढायची नाही!

"एवढं पळायचंच आहे तर सपाटीवर पळा की," वहिनी म्हणाली. "ते डोंगर कशाला?"

मी लाँड्रीत इस्त्री करते. दिवसभर सपाट फरशीवर उभं राहून सपाट टेबलावर कपडे सपाट करायचे. सपाटीचा मला वीट आलाय. सपाट रस्त्यावर लोक घड्याळाशी भांडतात. चढ मात्र छाती पुढे काढून समोर उभा राहतो, ये म्हणतो. तिथे तरणीताठी पोरंही कमरेवर हात ठेवून चालायला लागतात आणि मी धापा टाकत त्यांच्या बाजूने पुढे जाते. मला ते आवडतं. यात समजावण्यासारखं काय आहे?

सराव कसून केला. रोज पहाटे घाट पळत चढायचा आणि वरून, दादाच रोज चालवतो त्या पहिल्या बसने खाली येऊन कामावर जायचं. उतार मी एकदाही पायांनी उतरले नाही. उतारात काय असतं, असं वाटायचं.

काय असतं ते शर्यतीत, शेवटच्या उतारावर कळलं. आतापर्यंतचे चढ सगळे झकास झाले होते, पण आता मांड्यांचा पार भुगा झाला होता. पाऊल टाकलं की ओरडायच्या. मी कठडा धरून उभी राहिले, तोच मागून ओळखीचा हॉर्न वाजला. बसने अजून गाठलं नव्हतं, पण ती दहा-बारा पावलांवरच होती.

दादा खिडकीतून डोकावला. "बस झालं आता. उतार नेहमी माझ्याच बसने उतरतेस ना? ये." मग आवाज उतरला. "गुडघे गेले तर इस्त्रीला उभी कशी राहशील गं?"

खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. त्याला उत्तर द्यायला मी गर्रकन वळले. "तू तुझी बस चालव!" म्हणत दोन पावलं मागे सरले, आणि लक्षात आलं, मांड्या ओरडल्या नाहीत.

मग काय! तशीच निघाले. तोंड बसकडे, पाठ उताराकडे, नजर थेट दादाच्या डोळ्यांत. बसमध्ये बसलेले थकलेभागलेले लोक खो खो हसायला लागले. हसा म्हटलं, पण आतूनच हसा. दादा हसत नव्हता. वळण आलं तेव्हा त्याने खिडकीतून हात काढून डावीकडे दाखवलं. मी मदत मागितली नव्हती. तरी त्याचा हात होता तिकडेच वळले. पुढच्या प्रत्येक वळणाला त्याचा हात बाहेर आला.

उतार संपला. पुढे शेवटचा चढ होता आणि त्याच्या माथ्यावर शेवटची रेघ.

"आता गाठून दाखव, दादा!" मी ओरडले, तोंड फिरवलं आणि पळत सुटले.

मागून हॉर्न वाजत राहिला. वळणागणिक तो आणखी लांबून ऐकू येत होता.