गुणी मुलगी

"फक्त खाली सही कर, मिला. बाकी सगळं मी लिहिलंय," म्हणत ऑर्लानं फॉर्म पुढे सरकवला.

आयर्लंडमधल्या नास गावाजवळच्या त्या वृद्धाश्रमात ऑर्ला मॅनेजर होती आणि मिलाग्रोस म्हाताऱ्यांची उठबस करणारी मदतनीस. काल दुपारी ब्रेननआजोबा बाथरूमकडे जाताना पडले, खुबा मोडला. तेव्हा मजल्यावरच्या चौदा जणांना सांभाळायला मिलाग्रोस एकटीच होती. फॉर्मवर मात्र लिहिलं होतं, 'ड्यूटीवर दोघी हजर. आजोबांनी मदत नाकारली.' दुसरी कोण, ते देव जाणे.

आजोबांनी हाक मारली तेव्हा ती पलीकडच्या खोलीत एका आजींना उचलत होती. धावली, पण पोचली उशिरा.

"करून टाक ना यार," पुण्याची नर्स नंदिनी हळूच म्हणाली. "पुढच्या महिन्यात तुझं वर्क परमिट रिन्यू व्हायचंय. पंगा कशाला?"

"तुम्ही फिलिपिनो बायका कधी कुरकुर करत नाही, म्हणून तर मला आवडता," ऑर्ला हसून म्हणाली. "त्यात तू आमची सगळ्यात गुणी मुलगी. कर सही, काही होणार नाही, सगळं ग्रँड."

गुणी मुलगी! फिलिपिन्समध्ये, इलोइलोच्या शाळेत पंधरा वर्षं शिकवताना मिलाग्रोस हेच म्हणायची, सात वर्षांच्या पोरी हाताची घडी घालून गप्प बसल्या की. इथे तीन वर्षं तीही तशीच बसली होती. आणखी एक बाई द्या म्हणून तीनदा सांगितलं, तीनदा 'बघू' ऐकलं आणि वर थँक्यू म्हणून बाहेर आली. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं पेन उचललं. 'दोघी' खोडून 'एकटी' केलं. 'नाकारली'वर काट मारून 'मागितली' लिहिलं. मास्तरीणबाईंचा हात तो, अक्षर मोत्यासारखं आलं. खाली पूर्ण नावानं सही केली.

ऑर्लाचं हसू मावळलं. "परमिटचा अर्ज माझ्याच सहीनं जातो, ठाऊक आहे ना?"

"आहे. आणि मी एकोणपन्नास वर्षांची आहे, ऑर्ला. मुलगी नाही. ह्याची एक झेरॉक्स मला हवी."

"मशीन बिघडलंय."

"मग हातानं उतरवून घेते."

मिलाग्रोस खुर्ची ओढून बसली आणि कोऱ्या कागदावर सगळा मजकूर सावकाश उतरवला. शेवटी साक्षीदारासाठी एक ओळ मोकळी सोडली. नंदिनीनं ती ओळ पाहिली, टेबलाजवळ आली. मग तिनं पेन मागितलं.