इंजिनाची इर्जिक

"पिस्टन मांडीवर घेऊन बसायचं वय आहे का हे माझं?" पेलोनोमीची आई पुटपुटली. "आणखी घासला तर बांगडी होईल त्याची."

शेजारी बसलेल्या केआबोकामामांनी ते ऐकलं आणि चहाच्या कपात बघत राहिले. बांगडी झाली असती तर त्यांना हवीच होती.

पिस्टन ज्या गाडीचा, ती त्यांच्या भाचीची, गोसेगोची. जुनी क्रूझर, मीटरचे आकडे संपून पुन्हा पहिल्यापासून कधी सुरू झाले, हेही कुणाला आठवत नव्हतं. गोसेगोचा नवरा ओलेबिले दूर कलहारीच्या वाळवंटात, गुरांच्या तळावर. गेल्या पावसाळ्यापासून घरी फिरकला नव्हता. निरोप तेवढा यायचा, "मला न्यायला येऊ नका. वाळू फार आहे, आपल्या गाडीत दम नाही."

मग एक दिवस गोसेगो गाडी घेऊन मामांच्या दारात उभी. "मामा, दम भरा हिच्यात."

ओलेबिलेला खरं काय अडवतंय, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. तळावर आता दोन चुली पेटतात आणि दुसरीपुढं एक बाई बसलेली असते, असं तिकडून येणारे गुराखी सांगत. पण गोसेगोला हे सांगायचं ते मामांनीच. लग्न त्यांनी जुळवलेलं, लग्नातल्या बैलाचं मुंडकं मानानं त्यांनी खाल्लेलं. मुंडकं खाणाऱ्यानंच संसार बिघडला तर तोंड उघडायचं, ही रीत. मामांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "इंजिन खोलावं लागेल."

खोललं. सिलिंडर बोअर करून आणले, मोठे पिस्टन आणले, उलटलेल्या एका ट्रकचा टर्बो आणला. मामांचा हात असा बसलेला, की बघता बघता काम उरकत आलं. तेव्हा ते घाबरले आणि त्यांनी लेत्सेमा पुकारलं. इर्जिकच ती, शेत नांगरायला गाव बोलावतात तशी. इंजिनासाठी आजवर कुणी घातली नव्हती.

"एकेकानं एकेक भाग घरी न्या," मामा म्हणाले, "आणि स्वच्छ करून आणा. सावकाश. अगदी सावकाश."

गाव शहाणं. काय समजायचं ते समजलं.

कोरेकरकरीत पिस्टन लोक राखेनं घासू लागले. क्रँक पाद्रीबाबांनी चर्चमध्ये नेला; दर रविवारी त्याच्यासाठी वेगळी प्रार्थना होई. व्हॉल्व्हचा एक जोड तर परगावच्या मयताला जाऊन आला. ज्याच्याकडे होता तो म्हणाला, "घरी एकटे कसे ठेवू?"

गोसेगो मॅग्विन्या, म्हणजे पिठाचे तळलेले गोड गोळे, घेऊन दारोदार फिरायची. "झाला का हो?"

"अगं, काजळी निघता निघत नाही."

"नवा आहे ना तो?"

"नव्याची काजळी फार चिवट, बाई!"

एका सकाळी मात्र ती गाढवगाडी घेऊनच निघाली. भांडली नाही की रुसली नाही. पेलोनोमीच्या आईच्या मांडीवरून पिस्टन उचलला, तशी म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. सवय झाली होती. पाद्रीबाबा म्हणाले, "निदान आमेन तरी होऊ दे." आमेन झालं, क्रँक गाडीत पडला. सगळा पसारा मामांपुढं ओतून गोसेगो रिकाम्या डब्यावर बसली.

"बांधा."

मामांनी चुकायचं ठरवलं, पण हात ऐकेनात. एक नट त्यांनी मुद्दाम वाळूत पाडला, तर मागोमाग आलेल्या पाद्रीबाबांनी तो चटकन शोधून दिला आणि मग जीभ चावली.

इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं. चर्चमागच्या वाळूच्या टेकाडावर गोसेगोनं गाडी घातली. सगळं गाव मनात म्हणत होतं, रुत गं बये, रुत. गाडी चढली. उतरली. पुन्हा चढली, आणि या खेपेला मागं चर्चमधली सगळी गाणारी मंडळी बसलेली. खाली लोक टाळ्या वाजवत होते, तोंडं मात्र मयताला आल्यासारखी.

गाडी परत दारात आली. "इंजिन नवं आहे," मामा घाईघाईनं म्हणाले. "लोणच्यासारखं मुरू द्यावं लागतं. वर्षभर तरी."

"मामा, बसा."

"अगं पोरी, तळावरची ती वाळू..."

"काय वाळूचं?"

मामांच्या तोंडून निसटलं, "स्वयंपाक बरा करते म्हणतात."

 गोसेगोनं इंजिन बंद केलं नाही. त्याच्या आवाजाच्या वर आवाज काढून, गावाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "ओलेबिलेनं दुसरी बाई ठेवलीय, मामा. मला थंडीपासून ठाऊक आहे. एक वाळका नवरा आणायला एवढी ताकद लागते होय? मी माझ्या बापानं दिलेला, तळावरच्या बोअरवेलचा पंप उखडून आणणार आहे. तिकडचं पाणी बंद होऊन इकडं सुरू झालं की गुरं आपल्या पायांनी मागं येतील. नवऱ्याचं त्याचं तो बघेल."